लिनक्स आणि हार्डवेअर सुसंगतता

लिनक्समधील हार्डवेअर सुसंगतता म्हणजे एखाद्या संगणकाचे अंगभूत भाग आणि त्याला जोडलेली उपकरणे लिनक्स या कार्यप्रणालीखाली किती प्रमाणात व किती खटपटीने चालतात याची स्थिती होय. घरगुती संगणकांच्या बाजारात लिनक्सचा वाटा आजही लहान आहे. त्यामुळे उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या बहुधा विंडोज डोळ्यांपुढे ठेवून उत्पादन करतात आणि लिनक्सचा विचार उशिरा करतात किंवा करतच नाहीत. नव्याने लिनक्सकडे वळणाऱ्याला पहिला अडथळा येतो तो बहुतेकदा येथेच.

महाराष्ट्रात हा प्रश्न विद्यार्थ्यांना विशेष जाणवतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांसाठी चौसष्ट बिटांची मुक्त लिनक्स प्रणाली किंवा तिची उपशाखा वापरावी, अशी शिफारस अभ्यासक्रमातच असते. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील वाघोलीसारख्या, अभियांत्रिकी महाविद्यालये असलेल्या परिसरात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आपल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर लिनक्स बसवायला घेतो. त्याच लॅपटॉपवर त्याचे विंडोज, प्रकल्पाचे काम आणि घरची छायाचित्रेही असतात. अशा वेळी सुसंगततेचा अंदाज चुकला, तर वाया गेलेल्या वेळापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते.

स्वरूप

कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजवर हा दुभाष्या सहसा उपकरणाचा उत्पादक देतो. पूर्वी तो डब्यातल्या सीडीवर येई, आता इंटरनेटवरून उतरवला जातो. लिनक्समध्ये रीत वेगळी आहे. तेथे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट केलेले असतात आणि गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्यांत भर पडते. म्हणून लिनक्सवर एखादे उपकरण चालायचे असेल तर ते जोडताक्षणीच चालते, आणि नाही चालले तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधाशोध करून फारसे हाती लागत नाही.

कोणते उपकरण चालेल याचा एक ढोबळ नियम सांगता येतो. जी उपकरणे सर्वमान्य मानकानुसार बनतात ती चालतात. यूएसबीचा माऊस, कळफलक, पेनड्राइव्ह आणि बहुतेक वेबकॅमेरे हे या गटातले. उत्पादक कोणीही असो, बोलण्याची भाषा एकच असल्याने गाभ्याला प्रत्येकासाठी वेगळा दुभाष्या लागत नाही. याउलट ज्यांची भाषा उत्पादकाची खासगी असते, ती उपकरणे उत्पादकाने तपशील खुला केला तर किंवा कोणी स्वयंसेवकाने उलगडून काढला तरच चालतात. वाय-फायच्या चिप, ग्राफिक्स कार्डे, बोटांचे ठसे ओळखणारे वाचक आणि स्वस्त लेझर प्रिंटर हे या दुसऱ्या गटातले.

ड्रायव्हरखेरीज फर्मवेअर नावाची आणखी एक गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. ही उपकरणाच्या आत चालणारी आज्ञावली असते. अनेक उपकरणांत ती कायमची साठवलेली नसते. संगणक सुरू झाला की कार्यप्रणालीने ती उपकरणाला पुरवायची असते. फर्मवेअरचा मूळ मजकूर बहुधा खुला नसल्याने, मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाशी बांधील असलेले डेबियन हे वितरण अनेक वर्षे ते आपल्या अधिकृत प्रतीत देत नसे. परिणामी नवख्या माणसाचे वाय-फाय स्थापनेच्या वेळीच बंद असे आणि ते सुरू करण्यासाठी लागणारी फाइल उतरवायला वाय-फायच लागे. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ही भूमिका बदलली आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत प्रतीत मिळू लागले. तत्त्वाला मुरड घातली गेली हे खरे. परंतु नवख्यांच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतला याहून उपयुक्त निर्णय दाखवणे कठीण आहे.

पूर्वपीठिका

मराठी वापरकर्त्यांपुढे हार्डवेअरच्या सुसंगततेचा प्रश्न लिनक्सच्याही आधी आला होता, तो लिपीच्या रूपाने. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राकडे, म्हणजे सी-डॅककडे आले. जिस्ट कार्ड ही संगणकाच्या आत खोचायची पट्टी होती. ती बसवली की डॉसवर चालणाऱ्या इंग्रजी आज्ञावल्यांतही पडद्यावर देवनागरी व इतर भारतीय लिप्या उमटत. ज्या संगणकात हे कार्ड नाही, त्यावर मराठी नाही, असा तो सरळ हिशेब होता. पुढे ग्राफिक पडदे आणि युनिकोड आल्यावर लिपीचे काम पूर्णपणे सॉफ्टवेअरकडे गेले आणि कार्डाची गरज संपली.

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये जाहीर केला. भारतात १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट' या इंग्रजी मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या, आणि ज्या काळी इंटरनेटवरून एवढा मजकूर उतरवणे अशक्यप्राय होते त्या काळी अनेकांची लिनक्सशी ओळख अशा सीडींमधूनच झाली. तेव्हाची ठरलेली अडचण म्हणजे मोडेम. संगणकाच्या आत बसणारे स्वस्त मोडेम आपले निम्मे काम विंडोजवर सोपवत. त्यांना 'विनमोडेम' असेच नाव पडले होते. ते लिनक्सवर चालत नसत. सिरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम महाग असे, पण चालत असे. उत्पादकाने उपकरणातले काम काढून कार्यप्रणालीवर टाकायचे, किंमत उतरवायची आणि लिनक्सच्या वापरकर्त्याने त्याची किंमत मोजायची, हा क्रम पुढे प्रिंटरांच्या बाबतीतही दिसतो.

सी-डॅकने २००७ मध्ये 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स' अर्थात 'बॉस' हे डेबियनवर आधारलेले भारतीय वितरण प्रसिद्ध केले. त्याचा विकास प्रामुख्याने चेन्नई येथे झाला. शाळांसाठी त्याची 'एज्युबॉस' ही वेगळी आवृत्ती आहे. बॉसमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असली, तरी हार्डवेअरच्या बाबतीत ते डेबियनच्या गाभ्यावरच अवलंबून असते. डेबियनच्या ज्या आवृत्तीवर ते बेतलेले आहे, तिला जे ओळखता येते तेच त्यालाही ओळखता येते.

लॅपटॉपमधील नेहमीच्या अडचणी

वाय-फाय ही सर्वाधिक आढळणारी अडचण होय. इंटेलच्या चिपना लिनक्समध्ये दीर्घकाळ चांगला आधार आहे. ब्रॉडकॉम आणि रिअलटेक यांच्या चिपबाबत अनुभव संमिश्र आहे. स्वस्त लॅपटॉपांत पुष्कळ दिसणाऱ्या रिअलटेकच्या 'आरटीएल ८८२१ सीई' या चिपचे उदाहरण बोलके आहे. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आला तो ५.९ या आवृत्तीत, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या उबुंटू २०.०४ मध्ये मात्र ५.४ हा गाभा होता. साहजिकच उबुंटूची ती ताजी आवृत्ती उतरवून बसवणाऱ्यांनाही वाय-फायसाठी वेगळा ड्रायव्हर शोधून बसवावा लागला. यातून सामान्य समजुतीच्या विरुद्ध जाणारी एक बाब स्पष्ट होते: लिनक्ससाठी अवघड लॅपटॉप हा बहुधा जुना नसतो, अगदी नवा असतो. बाजारात येऊन दोनतीन वर्षे झालेल्या यंत्राचे ड्रायव्हर तोवर गाभ्यात पोहोचलेले असतात.

अडलेल्या वाय-फायवर तात्पुरता इलाज सोपा आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून त्यावरील 'यूएसबी टेदरिंग' सुरू केले की इंटरनेट मिळते, कारण ही जोडणी वर सांगितलेल्या मानक गटातली आहे. मग आवश्यक ड्रायव्हर उतरवता येतो.

दुसरी अडचण साठवण-डिस्कची. काही लॅपटॉपांत इंटेलचे 'रॅपिड स्टोरेज' तंत्र कारखान्यातूनच चालू केलेले असते. अशा वेळी उबुंटूची स्थापना मध्येच थांबून ते बंद करण्यास सांगते, किंवा डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत 'एएचसीआय' करावी लागते. मात्र विंडोजला आधी त्यासाठी तयार न करता हा बदल केला तर विंडोज सुरू होत नाही.

याहून गंभीर प्रसंग बिटलॉकरमुळे येतो. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. लिनक्ससाठी बायोसमधील 'सिक्युअर बूट' वगैरे मांडणी बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. ज्याने लॅपटॉप दुकानदाराच्या किंवा मोठ्या भावाच्या खात्यावर सुरू केला असेल, त्याला ती मिळणे दुरापास्त होते, आणि किल्लीवाचून मजकूर परत मिळवण्याचा मार्ग नाही. त्यामुळे बायोसला हात लावण्यापूर्वी ही किल्ली कागदावर उतरवून घेणे आणि महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर नकलून ठेवणे ही कामे टाळता येण्यासारखी नाहीत. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोयदेखील बंद करावी लागते. ती चालू असेल तर विंडोजचे विभाग अर्धवट मिटलेल्या स्थितीत राहतात आणि लिनक्समधून ते केवळ वाचता येतात किंवा उघडतच नाहीत.

ग्राफिक्सच्या बाबतीत इंटेल व एएमडी यांचे ड्रायव्हर गाभ्यात आहेत. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या ड्रायव्हरच्या स्वाक्षरीची नोंद संगणक पुन्हा सुरू होताना एका निळ्या पडद्यावर करावी लागते. नवखे लोक हा पडदा दोष समजून टाळतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही अशी तक्रार करतात. झाकण मिटल्यावर लॅपटॉप नीट न झोपणे आणि ठसेवाचक न चालणे याही तक्रारी नेहमीच्या आहेत. पहिलीवर कधी बायोसच्या नव्या आवृत्तीने उपाय होतो, दुसरीवर सहसा काही करता येत नाही.

प्रिंटर

भारतीय कार्यालये, शाळा आणि झेरॉक्सची दुकाने यांत वर्षानुवर्षे दिसणारे दोन प्रिंटर म्हणजे कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२०. दोन्ही स्वस्त, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपे. लिनक्सवर मात्र दोन्हींनी अनेकांना जेरीस आणले आहे.

कॅननचा हा प्रिंटर 'कॅप्ट' नावाची कंपनीची खासगी भाषा बोलतो. पान आखण्याचे बहुतेक काम संगणकाने करायचे आणि प्रिंटरने तयार ठिपके कागदावर उतरवायचे, अशी ही रचना आहे. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता. पण तो बसवण्याचे टप्पे इतके आडवळणाचे की एखादा टप्पा चुकला तरी प्रिंटर 'तयार' दिसतो आणि कागद काही बाहेर येत नाही. स्वयंसेवकांनी ही भाषा उलगडून स्वतंत्र मुक्त ड्रायव्हरही लिहिला आहे.

एचपी १०२० चे दुखणे निराळे. या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर टिकत नाही. प्रत्येक वेळी वीज चालू केली की संगणकाने ते नव्याने पाठवावे लागते. एचपीची 'एचपीलिप' ही आज्ञावली मुक्त असली, तरी या प्रिंटरसाठी तिला कंपनीचा एक बंदिस्त जोडभाग लागतो आणि तो इंटरनेटवरून वेगळा उतरवावा लागतो. 'फू टू झेडजेएस' हा स्वयंसेवकांचा ड्रायव्हर हा दुसरा पर्याय. जेथे वीज वारंवार जाते तेथे या प्रिंटरचा वागण्याचा नमुना गूढ वाटतो: सकाळी छापणारा प्रिंटर दुपारी वीज येऊन गेल्यावर गप्प होतो. दोष यंत्रात नसतो. फर्मवेअर पुन्हा पोहोचलेले नसते.

अलीकडचे, विशेषतः वाय-फायची सोय असलेले प्रिंटर या कटकटीतून बरेचसे मुक्त आहेत. फोनवरून थेट छापता यावे म्हणून उत्पादकांनी त्यांत 'आयपीपी' या खुल्या मानकाचा समावेश केला आणि त्याचा लाभ लिनक्सला आपोआप मिळाला. लिनक्सवरील 'कप्स' ही छपाई-व्यवस्था अशा प्रिंटरला ड्रायव्हरशिवाय ओळखते. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर 'एअरप्रिंट' हा शब्द असणे हा लिनक्सच्या वापरकर्त्यासाठी 'लिनक्स' या शब्दाहूनही भरवशाचा संकेत ठरतो.

देवनागरी आणि कळफलक

मराठी लिहिण्यासाठी आज वेगळे हार्डवेअर लागत नाही, तरी जुन्या मर्यादेची एक खूण शिल्लक आहे. लिनक्सच्या ग्राफिकविरहित, निव्वळ अक्षरी पडद्यावर फार तर ५१२ चिन्हाकृती ठेवता येतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय तेथे नाही. म्हणून डेबियनच्या स्थापनेत मराठी ही भाषा निवडायची असेल तर ग्राफिक पद्धतच घ्यावी लागते. अक्षरी पद्धतीत मराठीचा पर्याय दिसत नाही. ज्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड अडचणीचे आहे, त्याच्या मालकाला स्थापना इंग्रजीतून करून मराठी नंतर चालू करावी लागते.

इनस्क्रिप्ट कळफलक सर्व प्रमुख वितरणांत उपलब्ध असून त्यात शिफ्टसह 'जे' या कळीवर 'ऱ' आणि शिफ्टसह 'एन' या कळीवर 'ळ' मिळतो. ज्यांना उच्चारानुसार लिहायचे आहे त्यांच्यासाठी मराठीचा 'कगप' हा मांडणी-पर्याय आहे. रुपयाचे चिन्ह हवे असल्यास इंग्रजी कळफलकाचा भारतीय, रुपया-चिन्हासह असलेला प्रकार निवडून उजवी ऑल्ट आणि चार या कळा दाबाव्या लागतात.

अक्षरजुळणीच्या व्यवसायात असलेल्यांची अडचण याहून वेगळी आहे. विंडोजसाठीच्या काही मराठी अक्षरजुळणी-आज्ञावल्यांसोबत 'लॉक' नावाचे लहानसे उपकरण मिळत असे आणि ते संगणकाला लावल्याशिवाय आज्ञावली उघडत नसे. लिनक्सवर ना ती आज्ञावली चालते ना तिचे लॉक. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत साठवलेली पुस्तके उघडण्यासाठी अशा मंडळींना विंडोजचा एक संगणक राखून ठेवावा लागतो.

पडताळणी

स्थापनेपूर्वी सुसंगतता तपासण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे 'लाइव्ह' सत्र. लिनक्सची प्रत पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू केला की डिस्कला धक्का न लावता पूर्ण प्रणाली वापरता येते. उबुंटू, मिंट, फेडोरा आणि डेबियन या सर्वांच्या अशा प्रती मिळतात. सत्र सुरू होऊन पडदा दिसला एवढ्यावर समाधान मानण्यात अर्थ नाही. वाय-फाय जोडून पाहणे, आवाज व कॅमेरा तपासणे, झाकण मिटून उघडणे, प्रिंटर लावून एक पान छापणे, एवढे तरी याच टप्प्यावर करावे लागते. येथे जे चालत नाही ते स्थापनेनंतर आपोआप चालू लागण्याची शक्यता कमीच.

उपकरणाची ओळख पटवताना खोक्यावरचे नाव उपयोगी पडत नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप असू शकतात. मित्राच्या लॅपटॉपवर चाललेले आपल्या तशाच लॅपटॉपवर चालत नाही, ते यामुळे. खरी ओळख उपकरणाच्या आत नोंदलेल्या दोन क्रमांकांत असते: पहिला उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६ आहे. ज्या प्रोसेसरने कंपनीला नावारूपाला आणले त्याचाच हा क्रमांक. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' आणि 'एलएसयूएसबी' या आज्ञा हे क्रमांक दाखवतात, तर विंडोजमध्ये ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या तपशिलात सापडतात. शोध या क्रमांकांवरून घेतला तर उत्तर नेमके मिळते.

भारतीय बाजारात 'फ्री डॉस' अशी नोंद असलेले लॅपटॉप विंडोजच्या किमतीएवढे स्वस्त मिळतात. या नोंदीचा अर्थ विंडोज दिलेले नाही एवढाच. ते यंत्र लिनक्सला अनुकूल आहे असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरते. कारखान्यातूनच उबुंटू बसवून आलेल्या किंवा उबुंटूच्या प्रमाणित यादीत असलेल्या लॅपटॉपबाबत मात्र तसे म्हणता येते. पुण्यातील तपकीर गल्लीसारख्या बाजारात सुटे भाग घेतानाही हाच विचार लागू पडतो. विशेषतः यूएसबी वाय-फायच्या चकत्यांवर आतल्या चिपचे नाव लिहिलेले नसते.

संस्थात्मक वापर

व्यक्तीला जे मिळेल ते उपकरण चालवून घ्यावे लागते. संस्थेला खरेदीच्या वेळीच अट घालता येते. देशातील जिल्हा न्यायालयांनी ई-कोर्ट प्रकल्पात उबुंटू लिनक्स स्वीकारले. या न्यायालयांची प्रकरण-नोंद आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने मुक्त तंत्रज्ञानावर विकसित केली आहे. केरळने शालेय संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, तेही राज्यपातळीवरून. महाराष्ट्रातील शाळांत असा एकसंध निर्णय झाला नाही, आणि देणगीतून आलेल्या भिन्न भिन्न संगणकांची जुळणी शिक्षकालाच करावी लागते.

काही क्षेत्रांत लिनक्सचा मार्ग आजही अडलेला आहे. आधार प्रमाणीकरणासाठी लागणाऱ्या नोंदणीकृत ठसेयंत्रांची सेवा-आज्ञावली मुख्यत्वे विंडोज व अँड्रॉइडसाठी असते. त्यामुळे ज्या सेवा केंद्राचे काम अशा ठसेयंत्रावर चालते, त्याने लिनक्सकडे वळणे व्यवहार्य नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनांची स्थिती बरी आहे. 'ईपास २००३' हे टोकन 'ओपनएससी' या मुक्त आज्ञावलीने ओळखले जाते. तरी ज्या शासकीय संकेतस्थळावर स्वाक्षरी करायची, त्याची स्वतःची स्वाक्षरी-आज्ञावली लिनक्सवर चालते की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

जुने संगणक

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे असंख्य संगणक सुस्थितीत असूनही अधिकृतपणे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. लिनक्सची अशी अट नाही. दहा वर्षांपूर्वीच्या चौसष्ट बिटांच्या लॅपटॉपमधील जवळजवळ प्रत्येक चिपचा ड्रायव्हर गाभ्यात आहे. चार गिगाबाइट मेमरी आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असेल तर 'एक्सएफसीई' किंवा 'एलएक्सक्यूटी' या हलक्या पडदा-मांडणीसह तो लेखन, वाचन व इंटरनेटसाठी पुरेसा ठरतो. मेमरी दोन गिगाबाइट असेल तर प्रणाली चालते. जड होतात ती आजची संकेतस्थळे.

बत्तीस बिटांच्या संगणकांची स्थिती याहून बिकट आहे. उबुंटूने त्यांच्यासाठी स्थापना-प्रती देणे पूर्वीच बंद केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही त्यांच्यासाठीची स्थापना-प्रत थांबवली. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांना डेबियन १२ वर, त्याचा आधार असेपर्यंत, काम भागवता येते. येथेही खात्री करून घ्यावी लागते, कारण बत्तीस बिटांचे विंडोज बसवलेल्या अनेक संगणकांतला प्रोसेसर मुळात चौसष्ट बिटांचा असतो.